पदवीविना जपान : मुक्त श्रम की बांधील श्रम?

12 मे 1915 रोजी कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतून 'सानुकी मारू' ही जपानी बोट सुटली. तिच्यावर प्रियनाथ ठाकूर या नावाने प्रवास करणारे गृहस्थ म्हणजे ब्रिटिश सरकार ज्यांच्या मागावर होते ते रासबिहारी बोस. पदवी त्यांच्यापाशी नव्हती; डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांनी कारकुनी केली होती. तोकियोत त्यांना आसरा दिला तो 'नाकामुराया' या पावरोटीच्या दुकानाच्या मालक दांपत्याने. 1927 साली याच दुकानाच्या उपाहारगृहात बोस यांच्या पाककृतीची भारतीय करी मिळू लागली आणि ती आजही मिळते. पदवी नसलेला बंगाली माणूस जपानात स्थिरावला, त्याने तेथे संसार केला आणि 1923 साली तो जपानचा नागरिक झाला.

कोलकात्याच्या ज्या तरुणापुढे आज जपानचे नाव ठेवले जाते, त्याच्यासाठी मात्र ही वाट निराळी आखलेली आहे.

बारावी झालेला, पुढे शिकायला पैसा नसलेला, हुगळीकाठच्या ताग गिरणीत बापाची नोकरी गेलेली पाहिलेला हा तरुण. पदवी घेऊन काय साधते, हेही त्याने पाहिले आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील 25,753 शाळाशिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द ठरवल्या. भरतीतल्या भ्रष्टाचाराची शिक्षा प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्यांनाही भोगावी लागली. अशा शहरात 'पदवीची गरज नाही, भाषा शिका आणि जपानला चला' ही हाक गोड वाटली तर नवल नाही.

हाक सर्वस्वी खोटीही नाही. जपानात अभियंता किंवा कार्यालयीन तज्ज्ञ म्हणून जायचे तर पदवी किंवा बहुधा दहा वर्षांचा अनुभव लागतो. पण जपान म्हातारा होत चालला आहे. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, जहाजबांधणी, अन्नप्रक्रिया या कामांना तेथे माणसे मिळत नाहीत. म्हणून एप्रिल 2019 पासून 'विशिष्ट कुशल कामगार' हा नवा परवाना सुरू झाला. त्यासाठी पदवी नको. प्राथमिक जपानी भाषेची आणि त्या-त्या कामाची परीक्षा पुरे. या परवान्यासाठी भारताशी जानेवारी 2021 मध्ये करार झाला. 2024 मध्ये कामाची क्षेत्रे वाढवून 16 करण्यात आली आणि पाच वर्षांत 8 लाख 20 हजार माणसे घेण्याची मर्यादा ठरली. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी जो आराखडा जाहीर केला, त्यात पाच वर्षांत 50 हजार भारतीय जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट आहे.

आकड्यांचे ढोल वाजले. अटी मात्र बारीक अक्षरात राहिल्या. परवान्याच्या पहिल्या पायरीवर सर्वसाधारणपणे पाच वर्षेच राहता येते आणि बायकामुलांना सोबत नेता येत नाही. जपानला हात हवे आहेत. त्या हातांमागचा संसार नको आहे.

याहून जुनी वाट आहे ती 1993 साली सुरू झालेल्या 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजनेची. भारत तिच्यात 2017 च्या कराराने सामील झाला. शब्दाची निवड मोठी बोलकी आहे. जपानचे कौशल्य विकसनशील देशांत पोहोचावे, हा या योजनेचा कागदावरचा हेतू. असे खरे शिकाऊ एकेकाळी होऊन गेले. 1904 साली जोगेंद्रचंद्र घोष यांनी कलकत्त्यात स्थापन केलेल्या मंडळाने उद्योगविद्या शिकण्यासाठी तरुण परदेशी धाडले. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तळेगावला पैसा फंडाच्या काच कारखान्यात तेच काम मराठी मुलांना शिकवले. विद्या परत आली, कारखाना उभा राहिला. आजचा 'प्रशिक्षणार्थी' शेतात कोबी कापतो किंवा मासळी साफ करतो, आणि परतल्यावर त्या विद्येचा कारखाना कोठेही उभा राहत नाही. शिकाऊ या नावाखाली तो कामगारच असतो, फक्त कामगाराचा एक हक्क वजा करून.

तो हक्क म्हणजे मालक बदलण्याचा. भांडवलशाहीत कामगार 'मुक्त' असतो तो याच एका अर्थाने, हे मार्क्सच्या वाचकाला सांगायला नको. प्रशिक्षणार्थ्याला सर्वसाधारणपणे तेवढीही मुभा नव्हती. मालक छळतो, जादा कामाचे पैसे देत नाही, तरी सोडायचे तर बेपत्ताच व्हावे लागे. 2023 या एका वर्षात 9,753 प्रशिक्षणार्थी असे बेपत्ता झाले. त्यांना पळपुटे म्हणण्यापूर्वी त्यांच्या डोक्यावरचे कर्ज पाहावे. जपान सरकारच्याच 2022 च्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रशिक्षणार्थी कर्ज काढून आलेले आढळले. कर्जाची सरासरी सुमारे साडेपाच लाख येन होती. कर्ज मायदेशी, पगार येनमध्ये. 2021 साली डॉलरला सुमारे 110 असलेला येन 2024 मध्ये 150 च्याही पलीकडे घसरला. हा तोटा मालकाने सोसला नाही, दलालानेही नाही.

जपानच्या संसदेने जून 2024 मध्ये ही योजना मोडीत काढणारा कायदा केला. नवी पद्धत एप्रिल 2027 पासूनची आहे. तिच्यात एक ते दोन वर्षांनंतर, अटींवर, त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. कामगारांच्या बाजूने वर्षानुवर्षे लढलेल्या तेथील संघटना व वकिलांचा हा विजय आहे, अपुरा असला तरी. पण कर्जाचा उगम जपानात नाही, येथे आहे, आणि तो प्रश्न दिल्लीच्या टेबलावर पडून आहे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनी भरती एजंटाची फी 30,000 रुपये व त्यावरील करापुरती मर्यादित केली. परंतु भाषावर्ग, वसतिगृह, 'कागदपत्रांचा खर्च' अशा नावांनी उकळायला वाट मोकळीच राहते. दहावी न झालेल्याला आखाती देशांत जाताना सरकारी मंजुरीची जी पायरी चढावी लागते, ती जपानसाठी नाही, कारण मंजुरीच्या अठरा देशांत जपान नाही. जपान सुधारलेला देश म्हणून तेथे जाणारा मजूर सुरक्षित, असे जणू गृहीतच धरले आहे.

जाऊ नका, असे या तरुणाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. काम देऊ न शकणाऱ्यांना तर मुळीच नाही. कोलकात्यात जपानी शिकण्याची सोय नवी नाही. गोलपार्कच्या रामकृष्ण मिशन संस्थेत ती आहे, शांतिनिकेतनात निप्पॉन भवन आहे. सरकारने मनात आणले तर भाषेचे शिक्षण आयटीआयमध्ये फुकट देता येईल, भरतीचा सारा खर्च जपानी मालकाकडून वसूल करता येईल, करारनामा बंगालीत आणि मराठीतही हाती देता येईल. आपल्या कामगार संघटनांनीही जपानी संघटनांशी आताच बोलणी सुरू करावीत, म्हणजे ओसाकाच्या शुश्रूषागृहात किंवा होक्काइदोच्या शेतावर अडकलेल्या मुलीला रात्री दूरध्वनी करायला एक क्रमांक तरी असेल. तो क्रमांक तिच्या पासपोर्टसोबत, निघण्यापूर्वी, कोलकात्यातच तिच्या हाती पडला पाहिजे.