पंप माझ्याजवळ, ठिगळें त्यांच्याजवळ

गेल्या अंकांत 'संधि' या शब्दाविषयीं लिहिलें होतें. तें वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, लोकांना व्याकरण तरी किती वाढावयाचें? यंदा व्याह्यांबरोबर सायकलीवरून गेलांत, तें लिहा कीं." तेव्हां आज तेंच लिहितों. मार्गशीर्षांत मी व माझे व्याही असे दोघे चऱ्होलीहून पंढरपुरास सायकलीनें गेलों. सफर चार दिवसांची होती. पण हकीकत सांगावयाची ती पहिल्या दिवसाची. पुढचे तीन दिवस रस्ता चांगला होता आणि सांगण्यासारखें फार थोडें घडलें.

ज्यांनीं मुलगी दिली आहे त्यांना पुढील अडचण समजावून सांगावयास नको. 'व्याही' हा शब्द 'वैवाहिक' या संस्कृत शब्दापासून झिजत झिजत आला आहे. शब्द झिजला, मानपान मात्र झिजला नाहीं. रावसाहेबांनीं 'बसा' म्हटल्याखेरीज मी बसत नाहीं, आणि मी बसल्याखेरीज ते बसत नाहींत. त्यामुळें आम्ही दोघे पुष्कळ वेळ उभेच असतों. अशा दोघांनीं सायकलीवर बसावयाचें, तर पुढें कोणी निघावयाचें येथपासूनच प्रश्न होता.

रावसाहेबांचें घर चिंचवडास. पिंपरीच्या एका कारखान्यांत त्यांनीं हिशेबनिसाची नोकरी केली आणि सबंध नोकरीभर सायकलीनेंच कामावर गेले. आतां त्यांनीं एकोणसत्तरावें वर्ष गांठलें आहे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या विहीणबाई वारल्या. घरांत दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, असा भरला संसार आहे. माझी कन्या ही त्यांची धाकटी सून. ती पदार्थविज्ञान शिकविते. नागपुरास एका महाविद्यालयांत तिला जागा मिळाली होती आणि महिनाअखेरपर्यंत होकार कळवावयाचा होता. जांवयांचें काम संगणकावरचें, तें कोठूनही होतें. नातू नऊ वर्षांचा. अडचण एवढीच होती कीं, रावसाहेब कांहींच बोलत नव्हते. 'हो' नाहीं आणि 'नाहीं' नाहीं. सगळें घर त्यांच्या तोंडाकडे पाहत होतें.

अशा वेळीं त्यांनीं आपण होऊन मला पंढरपूरच्या सफरीस बोलावलें. सौ.नें मला बजावलें, "विषय काढा, पण तुम्ही काढलात असें दिसूं देऊं नका." चाळीस वर्षांच्या संसारांत मला अशा पुष्कळ आज्ञा झाल्या आहेत. त्या पाळावयाच्या कशा, हें अजून उमगलें नाहीं.

आदल्या संध्याकाळीं ते आमच्या घरीं मुक्कामास आले. त्यांची सायकल गिअरची, हलकी, जांवयांनीं घेऊन दिलेली. माझी जुनी काळी अ‍ॅटलस. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० सालच्या जून महिन्यांत, तोही नेमका जागतिक सायकल-दिनीं, ३ तारखेस बंद पडला, ही गोष्ट मला घरच्या मृत्यूसारखी लागली होती. रावसाहेबांनीं ताणकांटा मागविला आणि सामान तोलून दोघांत सारखें वांटलें. जुनी हिशेबनिशी! दशम्या माझ्याकडे, लोणचें त्यांच्याकडे. पंप माझ्याकडे, ठिगळें, सोल्युशन आणि काचकागद त्यांच्याकडे. "वजन बरोबर झालें," ते म्हणाले. मला तेव्हां त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

रात्रीं जेवणानंतर त्यांनीं सायकलस्वारांच्या कथा सांगितल्या. त्यांचा तो आवडता विषय आहे. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. सुमारें ७१,००० किलोमीटर झाले. त्यांच्या मागोमाग १९२४ च्या जानेवारींत फ्रामरोज दावर हा क्रीडा-वार्ताहर एकटाच निघाला. व्हिएन्नास त्याला गुस्ताव स्ताव्यानिक नांवाचा ऑस्ट्रियन तरुण भेटला, आणि पुढें १९३१ पर्यंत दोघे बरोबर हिंडले. सहारा ओलांडला, अँडीज चढले, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यांतून गेले. रावसाहेब मैलांचे आंकडे सांगत होते. मला मात्र असल्या प्रवासांविषयीं एकच जिज्ञासा असते: त्या वाळवंटांत भर दुपारीं कोण कोणावर रागावला असेल, आणि मग पुढें काय झालें असेल? नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत पाळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत संपविली. एक चालवीत असतां दुसऱ्यानें विसांवा घ्यावयाचा. भावाभावांत ही व्यवस्था उत्तम. व्याह्याव्याह्यांत ती चालावयाची नाहीं.

पहाटे वाघेश्वराचें दर्शन घेऊन निघालों. इंद्रायणीवर धुकें होतें. चऱ्होली १९९७ सालीं महापालिकेंत गेली, आणि ज्या शेतांतून मी शाळेस जात असें तेथें आतां बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. पण पहाटेच्या धुक्यांत त्या दिसत नाहींत, तेवढें बरें वाटतें. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यांतून जाते. आम्ही शहराची गर्दी चुकविण्यासाठीं लोहगांव, खराडी, मुंढवा असें करून हडपसरास पालखीच्या वाटेला लागणार होतों. लोहगांव हें तुकोबांचें आजोळ. तेथें डोक्यावरून विमान गेलें तेव्हां रावसाहेब सायकलीवरून उतरून तें दिसेनासें होईपर्यंत पाहत राहिले.

येथूनच माझी चिडचिड सुरू झाली. ते प्रत्येक ठिकाणीं उतरत. खराडीस कांचेच्या इमारतीचे मजले मोजले. मुंढव्याच्या पुलावर नदीच्या पाण्याचा वास घेऊन तोंड वांकडें केलें. हडपसरास भाजीवाल्याला मेथीची जुडी काय भावानें म्हणून विचारलें. घ्यावयाची तर नव्हतीच. दोनदां चहा झाला. प्रत्येक चहाच्या वेळीं मला वाटे, आतां विषय निघेल. मी नागपूरच्या संत्र्यांवरून सुरुवात करून पाहिली. "संत्रीं हल्लीं इकडेही चांगलीं मिळतात," एवढें बोलून त्यांनीं बशी खालीं ठेवली.

फुरसुंगीचा फांटा मागें पडला तेव्हां ऊन चढलें होतें आणि ट्रकांची रांग लागली होती. ते सावकाश मागून येत होते. मुलीचा बाप म्हणून इतके दिवस दाबलेला राग माझ्या पायांत उतरला. थांबलों नाहीं, वळून पाहिलें नाहीं. जोरांत पायडलें मारीत सरळ वडकीपर्यंत गेलों. मनांत एक वाक्य घोळत होतें: 'येऊं देत सावकाश, मानकरीच आहेत ते.' शाळेंत मुलांना सभ्यतेवर निबंध घालणारा मी!

वडकीस वडाखालीं बसलों. दहा मिनिटें झालीं, वीस झालीं. दूरध्वनि लावला, ते तो पिशवीच्या तळाशीं ठेवतात हें मला ठाऊक होतें. अर्ध्या तासानें राग गेला आणि भीति आली. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, ट्रकांचा रस्ता, आणि घरीं विचारतील कीं तुम्ही बरोबर होतांत ना? मी परत फिरलों. उलट दिशेनें येतांना दिसणारी प्रत्येक पांढरी टोपी मला त्यांचीच वाटे.

चार किलोमीटर मागें, बाभळीच्या विरळ सांवलींत ते बसले होते. मागचें चाक काढलेलें, ट्यूब बाहेर. टायरांत गेलेली बारीक तार त्यांनीं काढून रुमालावर ठेवली होती. बाटलींतलें पिण्याचें पाणी झाकणांत ओतून बुडबुडे पाहून भोंक शोधलें होतें, कागदानें घासून ठिगळ लावलें होतें, तें वाळूनही गेलें होतें. फक्त हवा भरावयाची राहिली होती.

"पंप आपल्याजवळ आहे," ते म्हणाले. बस्स, एवढेंच. त्यांत ठपका नव्हता. हिशेबाच्या वहींतली एक नोंद वाचावी तसा स्वर होता. मीं खालीं बसून पंप मारला. घाम आला तो केवळ उन्हानें नव्हे.

दिवेघाट आम्हीं चालत चढावयाचा ठरविलें. सायकली हातांत धरून. घाटांत शेजारीं शेजारीं चालतां येतें, हा एक लाभ. डाव्या-उजव्याचा मान राहत नाहीं, कारण ट्रक येईल तसें सरकावें लागतें. खालीं मस्तानी तलाव दिसूं लागला तेव्हां ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, आज आपण माझ्यावर रागावलांत. बरें वाटलें. घरांत हल्लीं माझ्यावर कोणी रागावतच नाहीं. सगळे हळू बोलतात."

मीं क्षमा मागण्यास तोंड उघडलें. त्यांनीं हातानें थांबविलें.

"नागपूरचें मला माहीत आहे. थोरल्यानें सांगितलें. पण सूनबाईनें मला अजून विचारलेलें नाहीं. 'बाबा, जाऊं का?' एवढें तिनें विचारलें असतें, तर मीं काय सांगितलें असतें? पण न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें कसें? मग वाटलें, मला विचारण्याचें आतां कारणही उरलें नसेल. ती असतां सगळें तिच्यामार्फत कळत असे." ही 'ती' म्हणजे आमच्या विहीणबाई.

वाचकहो, माझी काय अवस्था झाली असेल! मुलीनें मला पहिल्या दिवशींच विचारलें होतें कीं, "बाबांशीं मी बोलूं का?" आणि मीं, चौतीस वर्षें मुलांना उपदेश करण्याची संवय लागलेल्या मीं, तिला सांगितलें होतें, "मानी गृहस्थ आहेत. तोंडावर विचारून त्यांना पेचांत धरूं नकोस. ते आपण होऊन सांगतील." त्या सल्ल्याचा मला अभिमान वाटत होता. मीं तो दोघातिघांना बोलूनही दाखविला होता.

मीं तें त्यांना सांगितलें. सांगतांना तलावाकडे पाहत होतों.

एक सबंध वळण ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे ती विचारणार होती?"

"पहिल्याच दिवशीं."

"हं." आणखी थोडें चढल्यावर ते म्हणाले, "पोराचे पाढे मी घेतों. संध्याकाळीं, दिवे लागल्यावर. एकोणतिसावर आला आहे. तीस झाले कीं पावकी-निमकी घ्यावयाची, असें मनांत होतें. खरें सांगूं? पंधरा दिवस मीं त्याला एकोणतिसावरच ठेवला आहे. येतो त्याला. मीच पुढें सरकवीत नाहीं."

यावर मीं कांहीं बोललों नाहीं. पाणिनीनें 'साप्तपदीन' हा शब्द सख्याच्या अर्थीं सिद्ध केला आहे. सात पावलें बरोबर चालल्यानें जें होतें तें. आम्हांला लग्नानंतर अकरा वर्षें आणि एक घाट लागला.

घाटमाथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ति आहे, तिला नमस्कार करून सायकलींवर बसलों आणि उतारानें सासवडास आलों. सोपानदेवांच्या समाधीचें दर्शन झालें. कऱ्हेकांठीं संगमेश्वराच्या पायऱ्यांवर दशम्या सोडल्या. लोणचें त्यांच्या पिशवींतून निघालें. बाजारांत पुरंदरचीं अंजिरें आलीं होतीं. रावसाहेबांनीं या वेळीं भाव विचारून चक्क विकत घेतलीं. मग पिशवींत खोल हात घालून दूरध्वनि काढला आणि देवळाच्या दुसऱ्या टोकाला गेले. काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं; मीं कान दिला नाहीं. बोलणें लांबलें मात्र. परत आले तेव्हां डोळे पुसलेले होते आणि त्यांनीं मला एक अंजीर पुढें केलें. "जाते आहे," ते म्हणाले. "विचारलें तिनें." माघांत ती नागपुरास रुजू झाली.

पुढें यमाई-शिवरी, साकुर्डें. ऊन कललें होतें. रस्ता रुंद, दोहों बाजूंस शेतें. दिवसभराचे साठ-बासष्ट किलोमीटर झाले तेव्हां जेजुरीचा गड समोर आला आणि पायऱ्यांवरचा भंडारा मावळतीच्या उजेडांत पिंवळा दिसला. माझे गुडघे इतके धरले होते कीं, गड चढण्याचें आम्ही सकाळवर टाकलें. खंडोबानें समजून घेतलें असावें.

धर्मशाळेंत दिव्याखालीं बसून रावसाहेबांनीं वही काढली आणि खर्च लिहिला. चहा दोनदां, अंजिरें अर्धा किलो, धर्मशाळा. बेरीज करून दोहोंनीं भागली आणि माझ्या वांट्याचे पैसे माझ्याकडून मोजून घेतले; व्याह्यांनीं माझ्याकडून पैसे घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग. मीं पंप काढून त्यांच्या पिशवींत ठेवूं लागलों, तर म्हणाले, "राहूं द्या. वजन बिघडेल."

सकाळीं नीरेच्या पुलापर्यंत ते पुढें होते.