शाखा उघडी, मंजुरीही तिथेच हवी

एप्रिल 2020 मध्ये सारा देश घरात बसला होता, तेव्हा बँकांच्या शाखा उघड्या होत्या. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये जमा झाले. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून पैसे काढण्याचे दिवस ठरवावे लागले. ते पैसे मोजून देणाऱ्या रोखपालाला घरून काम करण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी स्टेट बँकेचे तत्कालीन अध्यक्ष रजनीश कुमार यांनी ‘कुठूनही काम’ या व्यवस्थेतून सुमारे 1,000 कोटी रुपये वाचतील, असे सांगितले होते.

कागदांची छाननी, हिशेबजुळणी, संगणक यंत्रणेची देखभाल ही कामे घरून होतात, चांगलीही होतात. खातेदाराची माहिती बाहेर फुटू नये आणि एकाची नोंद दुसऱ्याने तपासण्याची शिस्त मोडू नये, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या शाखेत खरिपाच्या तोंडावर शेतकरी पीककर्ज नवे-जुने करायला येतो, कुणी सोनेतारणासाठी दागिने घेऊन येते. दागिना पारखायला सराफ समोर लागतो. जमीन पाहायला बांधावरच जावे लागते.

खरे दुखणे कोरोनाच्या आधीचे आहे. कोअर बँकिंग आले आणि अनेक बँकांत कर्जमंजुरी शाखेतून उठून शहरातल्या केंद्राकडे गेली. ओळखीपाळखीने होणाऱ्या कर्जवाटपाला चाप लावण्याचा हेतू रास्तच होता. तरीही केंद्रातल्या अधिकाऱ्याला सातबारा आणि सिबिल दिसते, विहिरीचे पाणी कुठवर टिकते ते दिसत नाही. शाखाधिकारी ‘वरून आलेले नाही’ एवढेच सांगतो आणि शेतकऱ्याची पेरणीच्या दिवसांत आणखी एक फेरी होते. केंद्रात रोज किती फायली निघाल्या, यावरून कार्यक्षमता मोजणाऱ्यांच्या हिशेबात ही फेरी येतच नाही.

काम कुठूनही होत असेल, तर ते बार्शीतूनही होऊ शकते. केंद्रातल्या कर्ज अधिकाऱ्यांना आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या शाखेत बसवा, शाखाधिकाऱ्याबरोबर शिवारात जाऊ द्या. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. अशाच नोकऱ्यांसाठी पुणे गाठणाऱ्या इथल्या मुलामुलींनाही गावात राहून हे काम करता येईल.

सोलापूरच्या जिल्हास्तरीय बँकर्स समितीने पुढच्या खरिपाआधी हा विषय घ्यावा. कोणत्या शाखेला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार आहे आणि अर्जाचे उत्तर किती दिवसांत मिळेल, हे प्रत्येक बँकेने शाखेतल्या फलकावर मराठीत लिहावे.