कॉम्प्रेसरचा नॉब कोणाच्या हातात?



मागच्या वर्षी १४ एप्रिलच्या आधी आम्ही काही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून एका ज्येष्ठ शाहिरांची सहा गाणी मुद्रित करायचे ठरवले. दादांचे वय पंचाहत्तरच्या पुढे. सगळे आयुष्य वस्तीच्या चौकात, मैदानात, कित्येकदा माइकशिवाय गाण्यात गेलेले. आम्ही एक स्टुडिओ तासावर भाड्याने घेतला. काचेपलीकडे बसलेल्या मुलाने पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा सांगितले, "काका, जरा हळू. लेव्हल फुटतेय." दादा सवयीने सरळ माणूस. ते हळू गायले. मग आणखी हळू गायले. घरी येऊन आम्ही ऐकले तेव्हा सूर जागेवर होते, शब्दही स्पष्ट होते. फक्त दादा त्यात नव्हते.

त्यानंतर आमच्यात जो वाद झाला, तो इथे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. एका बाजूचे म्हणणे असे की स्टुडिओ ही प्रस्थापितांची जागा आहे, तिथला 'गोड आवाज' हीच मुळात ब्राह्मणी कल्पना आहे, आपला आवाज कच्चा आणि रांगडा आहे, तो मोबाइलवर जसा येईल तसा येऊ द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, एवढी डोकेफोड कशाला, डीजेवाल्या पोराला द्या, तो बेस टाकून गाणे फुगवून देईल. आमचे या दोन्ही बाजूंशी भांडण आहे. कारण दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात, की यंत्र हे दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

आधी त्या 'लेव्हल फुटतेय'चे पाहू. आजचे ध्वनिमुद्रण चोवीस बिटमध्ये होते. त्यात खालच्या बाजूला इतकी जागा असते की सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवला तरी काहीही बिघडत नाही. म्हणजे लेव्हल फुटत असेल तर माइकच्या प्रीॲम्पचा गेन कमी करायचा. एक नॉब डावीकडे फिरवायचा. त्या मुलाने नॉबला हात लावला नाही, माणसाला कमी केले. त्याच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गळ्याची सवय कानाला नाही, तो गळाच चुकीचा आहे असे वाटणे, हे आपण शाळेत, ऑफिसात, मुलाखतीत सगळीकडे पाहिलेले आहे. स्टुडिओ त्याला अपवाद कशाला असेल?

आता प्रश्न उरतो तो खऱ्या अडचणीचा. शाहिरी गाण्यात आवाजाचा चढउतार प्रचंड असतो. शाहीर आधी बोलल्यासारखा प्रश्न विचारतो, जवळजवळ कानात सांगतो, आणि पुढच्याच ओळीला आभाळ फाडतो. मैदानात हे चालते. पण रिक्षात मोबाइलवर ऐकणाऱ्याला बोललेली ओळ ऐकूच येत नाही, आणि चढी ओळ आली की तो आवाज कमी करतो. ही अडचण आपल्या गाण्याचा दोष नाही. जगभरच्या रेडिओवाल्यांनाही हीच अडचण होती. बोलणाऱ्याचा आवाज वरखाली झाला की तंत्रज्ञाला सतत हाताने पातळी सांभाळत बसावे लागे.

त्यावर साठच्या दशकात कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे जिम लॉरेन्स नावाच्या विद्युत अभियंत्याने जे यंत्र बाजारात आणले, ते टेलेट्रॉनिक्स कंपनीचे एलए-टू-ए. हाच तो प्रसिद्ध ट्यूब ऑप्टिकल कॉम्प्रेसर. आज स्टुडिओवाले त्याचे नाव देवाचे नाव घेतल्यासारखे घेतात. खरे यंत्र भारतात मागवायचे तर काही लाख रुपये लागतात. म्हणून आम्ही ते आतून काय आहे हे समजून घ्यायला बसलो, आणि समजल्यावर हसू आले.

त्यात एक छोटी बंद डबी असते. डबीत एक प्रकाश देणारी पट्टी आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशाला संवेदनशील रोध. गाण्याचा आवाज चढला की पट्टी उजळते, उजेड पडला की रोध कमी होतो, आणि आवाजाचा काही भाग त्या वाटेने जमिनीकडे म्हणजे ग्राउंडला वळतो. आवाज खाली आला की पट्टी मंदावते आणि वाट बंद होते. बस. हाच रोध म्हणजे एलडीआर. अंधार पडल्यावर आपोआप लागणाऱ्या दिव्यांत वापरतात तो. आयटीआयच्या आपल्या पोरांनी तो हाताळलेला असतो आणि लॅमिंग्टन रोडवर तो काही रुपयांना मिळतो. लाखांच्या यंत्राचे काळीज हे आहे! अर्थात बाकीची जुळणी साधी नाही, हे मान्य. पण ज्यापुढे आम्ही हात जोडून उभे होतो, ते आपल्या डोक्याबाहेरचे नव्हते.

या डबीची खुबी तिच्या आळसात आहे. भर उन्हातून घरात आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, मग हळूहळू दिसू लागते. तसेच या रोधाचे होते. आवाज चढल्यावर साधारण दहा मिलिसेकंदांत तो दाबायला लागतो. सोडताना मात्र अर्धा दाब सुमारे साठ मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला सुटायला एक ते पंधरा सेकंद लागू शकतात. किती वेळ आणि किती प्रखर उजेड पडला होता, हे त्याला जणू आठवत असते. त्यामुळे आवाज कोणी झटक्याने खाली खेचला असे वाटत नाही, गाणाऱ्यानेच स्वतःला सांभाळले असे वाटते. आणि ट्यूब? ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असत त्या काचेच्या व्हॉल्व्ह. कमी झालेला आवाज पुन्हा वर आणण्याचे काम त्या करतात आणि जाताजाता थोडी ऊब देतात. दाबण्याचे काम उजेडाचे. 'ट्यूबचा साउंड' म्हणून जे काही विकले जाते, त्यातले निम्मे तरी दुकानदाराचे बोलणे असते, असे आमचे मत आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. यंत्रामुळेच कष्टकऱ्याला फुरसत आणि संस्कृती मिळू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. मग जे मित्र 'कच्चा आवाज हाच खरा' म्हणून यंत्राला नकार देतात, ते नकळत कोणाच्या रांगेत उभे राहतात, याचा त्यांनी विचार करावा. कच्चेपणा ही आपली निवड असेल तर ठीक. पण ज्याच्याकडे पर्यायच नव्हता त्याच्या नाइलाजाला विद्रोह म्हणणे आम्हाला पटत नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे आपण पुस्तकांतून वाचतो. ते आवाज कसे होते, हे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

तर आम्ही दुसऱ्यांदा प्रयत्न केला. विहारात, रात्री अकरानंतर, पंखे बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून. माइक उसना, ऑडिओ इंटरफेस एका मित्राचा, लॅपटॉप कॉलेजच्या मुलीचा. दादांना माइकपासून दीड हात लांब उभे केले आणि सांगितले, चौकात गाता तसे गा. गेन कमी ठेवला. मग एलए-टू-एची नक्कल करणारे मोफत सॉफ्टवेअर घेऊन बसलो.

मूळ यंत्रावर दोनच मोठे नॉब आहेत. एकाने किती दाबायचे ते ठरते, दुसऱ्याने किती वर आणायचे ते. नक्कलही तशीच आहे. त्यामुळे चुकायला वाव कमी, असे आम्हाला वाटले. आम्ही लगेच चुकलो. उत्साहात पंधरा डेसिबलपर्यंत दाबले. दादांची कुजबुज छान पुढे आली, पण सोबत त्यांचा दमा पुढे आला, बाहेरचा कुत्रा आला, आणि चढी ओळ कुजबुजीच्याच उंचीला येऊन बसली. मग काट्याकडे पाहायला शिकलो. बोललेल्या ओळीला काटा शून्यावरून हलता कामा नये. चढ्या ओळीला तीन ते पाच डेसिबल मागे जावा. श्वास घेताना तो परतीच्या वाटेला लागलेला दिसावा. अख्खे कडवे संपले तरी काटा एकदाही शून्याकडे येत नसेल, तर आपण गाणे गुदमरवतो आहोत. एखादी आरोळी अचानक येत असेल तर हा आळशी कॉम्प्रेसर तिची सुरुवात पकडू शकत नाही. तिथे त्याच्या आधी एक चपळ कॉम्प्रेसर लावून दोन-तीन डेसिबल काढून घ्यायचे. हलगी मात्र वेगळ्या माइकवर, शक्यतो वेगळ्या वेळी. एकाच ट्रॅकवर असेल तर प्रत्येक थापेला शाहिराचा आवाज बुडतो.

डीजेवाल्या मित्रांनाही हेच सांगायचे आहे. मिरवणुकीला आमचा विरोध नाही, आम्हीही नाचतो. पण पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच उंचीला ठोकलेल्या गाण्यात शाहिराचा प्रश्न कुठे संपला आणि कोरसचे उत्तर कुठे सुरू झाले, हे कळतच नाही. जलशाची ताकद त्या चढणीत होती. ती सपाट केली की उरते फक्त बाबासाहेबांचे नाव आणि ठोका.

इथपर्यंत आम्ही स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. तयार झालेले पहिले गाणे वस्तीत सगळ्यांना बसवून ऐकवले. दादा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर कोरसमधल्या एक ताई म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, पण आम्ही तिघी कुठे आहोत?"

पुन्हा लावले. खरेच, त्या नव्हत्या. कोरसला आम्ही एकच माइक ठेवला होता. पाच पुरुष पुढे, तीन बाया मागे. तसे कोणी ठरवले नव्हते, नेहमीसारखे आपोआप उभे राहिले होते. आणि त्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर होता. कॉम्प्रेसर माणसे मोजत नाही. ट्रॅकवर जो सर्वांत मोठा, त्याच्याकडे पाहून तो सगळ्यांना दाबतो. पुरुषांचा आवाज चढला की पट्टी उजळत होती आणि पुरुषांसोबत मागच्या तिघीही खाली जात होत्या. त्या आधीच लांब होत्या, त्यामुळे त्या पार बुडाल्या. स्टुडिओतल्या मुलाने दादांचे जे केले, ते आम्ही विहारात या तिघींचे केले, आणि तेही नॉब आमच्या हातात असताना. आमच्यातल्या एकाने लगेच "मिक्समध्ये वर घेऊ" असे सुचवले. घेऊन पाहिले. जे वेगळे मुद्रितच झाले नाही, ते वर घेता येत नाही. ट्रॅक वर घेतला की पुरुष आणखी वर.

म्हणून सहाही गाण्यांचे कोरस नव्याने करायचे ठरले आहे. वर्गणी संपली आहे, पण माइक उसना मिळतो आहे. तिघींसाठी वेगळा माइक, वेगळा ट्रॅक, त्याच्यावर वेगळा कॉम्प्रेसर. सॉफ्टवेअर मोफत असल्याचा हा फायदा, तेच यंत्र हवे तितक्या वेळा लावता येते. लॅपटॉप ज्या मुलीचा आहे, ती आता काट्यावर बसते. ताईंनी एक अट घातली आहे: चौथ्या गाण्याचे शेवटचे कडवे त्या एकट्या म्हणणार. दादांनी होकार दिला आहे. विहाराची किल्ली पुढच्या शनिवारी रात्री मिळेल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी हेडफोन आणि घरातल्या जाड गोधड्या घेऊन यावे.