आवाज कोणाचा, वाक्य कोणाचे?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्या साहित्यवर्तुळात जी चर्चा चालते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: यंत्र कविता लिहील काय? मला हा प्रश्न थोडा चैनीचा वाटतो. यंत्र मराठी शिकते ते कोणाच्या तोंडून, हे आपण विचारतच नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्यात ग्रामीण कष्टकरी, शहरातील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठीय विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांची मराठी ध्वनिमुद्रणे करून घेतली होती. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाक्य येते. ते मोठ्याने वाचायचे, त्याचे पैसे मिळतात. कष्टकऱ्यांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे ठरले. (ते तसे ठरल्याचे नवल वाटावे, हेच खरे तर नवल!) मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील याच कामातून पुढे ‘कार्य’ ही संस्था उभी राहिली. ती ताशी सुमारे ५ डॉलर देते, असे ‘टाइम’ने २०२३ मध्ये लिहिले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकाने नैरोबीतील कामगारांची हकीकत छापली होती. चॅटजीपीटीसाठी किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढणाऱ्या त्या माणसांच्या हाती ताशी २ डॉलरही पडत नव्हते. तेव्हा ‘कार्य’चे कौतुक करायलाच हवे.

पण मोबदला रास्त मिळाला म्हणजे प्रश्न मिटतो असे नाही. पडद्यावरचे वाक्य प्रमाण मराठीतले असेल तर वाचणाऱ्याचा फक्त हेल यंत्रात जातो. त्याची शब्दकळा, त्याचे व्याकरण बाहेरच राहते. पडद्यावर ‘मला’ आहे आणि वऱ्हाडातील बाई सवयीने ‘मले’ म्हणाली, तर ती तिची बोली राहत नाही, चूक होते. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात उधळ्या पुत्राची गोष्ट परकीच होती, परंतु ती ज्याच्या त्याच्या बोलीत उतरवून घेतली गेली. साम्राज्याच्या नोकराने दाखवलेली ही सावधगिरी आपण सोडून द्यावी काय?

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, गाव आहे. यंत्राला शिकवणाऱ्या आवाजाचे नाव मात्र कोठेच उमटत नाही. खासगीपणासाठी ते झाकणे योग्यही असेल. पण मग त्या आवाजावरचा हक्क कोणाचा, हे लेखी ठरायला हवे.

भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पात चित्र दाखवून लोकांना त्यांच्या भाषेत बोलते केले जाते. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र तेथेही ते बोलणे कोणीतरी लिहून काढावे लागते. ‘करून राहिला’ जसेच्या तसे लिहायचे की ‘करत आहे’ असे ‘दुरुस्त’ करायचे? अनुस्वार कोठे द्यायचा, ऱ्हस्वदीर्घ कोणाच्या नियमाने? हे प्रश्न अभियंत्यांचे नव्हेत. मराठीचे विभाग ग्रामीण आणि दलित साहित्यातील बोलीच्या निमित्ताने यांवर दशकानुदशके वाद घालीत आले आहेत. लिप्यंतराचे नियम ठरतात त्या बैठकीत या विभागांनी आमंत्रणाची वाट न पाहता जाऊन बसावे.