दिंडीची भिशी

आषाढी वारीला निघताना वारकरी आपल्या दिंडीकडे भिशी, म्हणजे वर्गणी, भरतो. मालमोटार, तंबू, पाण्याचा टँकर, गॅस, किराणा हा सगळा खर्च त्यातून भागतो. कुणी रोख रकमेबरोबर धान्याचं पोतंही देतं. वाटेवरची गावं पंगती घालतात, पण आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर केवळ त्यांच्या भरवशावर चालता येत नाही. बहुतेक दिंड्यांना ना मोठी दानपेटी, ना इनामाची जमीन.

हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांचा आधार होता. माउलींचा अश्व आजही तिथूनच येतो. राजाश्रय वारीला नवा नाही. तरीही २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात प्रत्येक दिंडीला २०,००० रुपये जाहीर झाले, ते मला पटलं नाही. रस्ते, शौचालयं, शुद्ध पाणी, दवाखाने हे सरकारचं कर्तव्यच. ताटातला घास मात्र वारकऱ्यांच्या वर्गणीचा असावा. भिशी भरणारा हिशेब मागू शकतो, दिंडीप्रमुखाला दोन शब्द सुनावू शकतो. अनुदानाचा फलक तंबूवर लागला की त्याचा हा अधिकार पातळ होतो.

शेतमजूर बाईला भिशी जड जाते, हे खरंच आहे. तिचा वाटा दिंडीतल्या सधनांनी गाजावाजा न करता उचलावा. आणि वारी संपताच दिंडीप्रमुखांनी जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.