कोमट रेडिएटरची शंका

हिवाळ्यात स्वीडनमध्ये मुलांकडे राहावयास गेलेल्या ज्येष्ठांना एक शंका हमखास येते. रेडिएटरला हात लावला तर तो जेमतेम कोमट. मग बाहेर बर्फ असताना घर ऊबदार राहते कसे?

याचे उत्तर अनेकदा अंगणाखाली असते. आपल्या विहिरीचे पाणी थंडीत कोमट व उन्हाळ्यात गार लागते, कारण जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. स्वीडनमधील असंख्य घरे याच गुणावर तापतात. घराजवळ शे-दोनशे मीटर खोल कूपनलिका खोदून तिच्यात नळी सोडतात. नळीतून सहजी न गोठणारे द्रावण फिरते आणि खडकातली ऊब वर आणते. फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच घरातील पंप ही ऊब अधिक तापमानाला चढवून रेडिएटरच्या पाण्याला देतो. एक युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता मिळते. पाणी जितके कमी तापवावे लागेल, तितका लाभ अधिक. म्हणून रेडिएटर कोमट. उन्हाळ्यात काही घरांत तेच द्रावण गारवाही देते.

वृद्धांसाठी ही संथ, अखंड ऊबच मला अधिक हितकर वाटते. थंड खोलीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. शिवाय वाढत्या वयात गारठा उशिरा जाणवतो. तेव्हा हाताच्या स्पर्शावर विसंबू नका, खोलीत तापमापक ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये घरासाठी किमान 18 अंश सेल्सिअस सुचवले आहेत. वृद्धांना त्याहून अधिक लागू शकते. कमी वाटल्यास घरच्यांना मोकळेपणाने सांगा. संकोचापोटी अंगावर शाल ओढून बसणारे आई-वडील मुलांच्या लक्षात येत नाहीत. मात्र बटण वरचेवर फिरवू नका. ही व्यवस्था सावकाश तापते, परिणाम दिसायला कित्येक तास लागतात. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली असेल, तर विजेच्या हीटरपुढे पाय शेकणे टाळाच. भाजलेले कळतसुद्धा नाही.

आणखी दोन गोष्टी. हिवाळ्यात घरातील हवा कोरडी होते. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या, त्वचेला तेल किंवा मलम लावा. आणि वीज गेली की पंपही थांबतो. जाड पांघरुणे व लोकरी मोजे कुठे ठेवले आहेत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.