तार अचानक तुटत नाही

लोखंडाची एक बारीक तार घ्या आणि एकाच जागी ती इकडून तिकडे वाकवत राहा. एकदोनदा वाकवल्याने तिला काही होत नाही. पुढेही काही वेळ ती वरून धडधाकट दिसते. आणि मग एकाएकी तुटते. शेवटच्या खेपेस आपण काही जास्त जोर लावलेला नसतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर याचा अभ्यास केला. एका वेळी सहज पेलणारा भारही पुन्हा पुन्हा पडत राहिला, तर आस मोडतो, असे त्याला दिसून आले.

हे मी सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. तरीही माझ्याच वर्गातला एक मुलगा असा तुटत होता, तेव्हा मला ते दिसले नाही.

तो मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नता हा काही साथीचा किंवा औषधाने बरा होणारा रोग नव्हे. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून निराळी असते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र तिला या नावाने ओळखते. काही स्वमग्न मुले बोलत नाहीत, तर काही उत्तम बोलतात आणि वर्गात पहिलीही येतात. पण आवाज, उजेड, गर्दी किंवा वेळापत्रकातला अचानक बदल यांचा त्यांच्यापैकी अनेकांना फार त्रास होतो.

जून ते दिवाळी या मुलाची प्रयोगवही वर्गात सर्वांत नेटकी होती. बोलताना तो माझ्या डोळ्यांकडे बघे. तसे त्याला घोटून शिकवले होते, हे मला नंतर कळले. दिवाळीनंतर त्याला व्हर्नियरचे साधे वाचन घेता येईना. बुटाची नाडी सुटलेली असे. प्रश्न विचारला तर शब्द फुटत नसे. “काल येत होते ते आज कसे येत नाही?” असे मी सगळ्यांसमोर विचारले. पुढच्या आठवड्यापासून तो यायचाच थांबला. त्याची आई भेटायला आली, तेव्हा समजले, की जूनपासूनच रोज संध्याकाळी तो दोनदोन तास अंधारात पलंगाखाली पडून राहत असे. दिवसभर इतरांसारखे दिसण्यासाठी जे खर्च होई, त्याची ही किंमत होती.

या कोलमडण्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. २०२० साली अमेरिकेत डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांच्या मुलाखतींवरून त्याच्या खुणा नोंदल्या. रेमेकर स्वतः स्वमग्न आहेत. निदान तीन महिने तरी न हटणारा थकवा, येत असलेली कामे न येणे आणि आवाज-उजेड आधीपेक्षाही असह्य होणे, या त्या मुख्य खुणा. खिन्नतेचा आजार पुष्कळदा असाच दिसतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावेच. आणि कोणी मित्र जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर त्याच दिवशी मोठ्या माणसांना सांगा. ते गुपित ठेवू नका.

आमच्या स्टाफरूममध्ये एक शंका नेहमी निघते. “इतके लाड केले, तर हा जगात टिकणार कसा?” मला हा युक्तिवाद पटत नाही. पोलादाला एक मर्यादा असते. भार तिच्या खाली ठेवला, तर ते जवळजवळ कितीही वेळा तो सोसते. अभियंता पूल त्या हिशेबाने बांधतो, त्याला कोणी पुलाचे लाड म्हणत नाही. आता आवाजाचेच पाहा. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तो ८० वर गेला, तर तीव्रता हजारपट होते, कारण दर १० डेसिबलला ती दहापट वाढते. शिवाय यंत्र हवेतला आवाज मोजते, त्या मुलाच्या डोक्यातला नव्हे. गणपतीच्या मिरवणुकांत किंवा गड्ड्याच्या जत्रेत काय होत असेल, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, हे चांगलेच आहे. पण थकवा त्या तीन तासांत येत नाही, वर्षभराच्या दिवसांत साठतो. मधल्या सुट्टीत वाचनालय उघडे ठेवायला, तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायला, ‘माझ्याकडे बघून बोल’ हा हट्ट सोडायला पैसा लागत नाही. तुम्हा मित्रांनाही करता येण्याजोगे आहे: तो हात हलवत किंवा डुलत बसला तर हसू नका, गप्प राहिला तर राहू द्या.

तारेचा दाखला इथे मात्र अपुरा पडतो. तुटलेली तार विश्रांतीने जुळत नाही. मूल सावरते, पण सावकाश. चार दिवस सुट्टी देऊन पाचव्या दिवशी पूर्वीइतकाच भार टाकला, तर पुन्हा तेच होते.

आमचा मुलगा पुढच्या वर्षी परत आला, आधी दिवसाला दोनच तास. आता चार तास बसतो, दाराजवळच्या बाकावर, आणि बोलताना खिडकीकडे बघतो. व्हर्नियर पुन्हा जमू लागले आहे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तो येत नाही. त्या दिवसांची हजेरी कशी लावायची, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.